हर्षलच्या नावावरचं रक्त

वैजनाथभाऊंनी ज्याचं रक्त काढलं नाही असा माणूस पुणतांब्यात शोधावा लागेल. माझं तर त्यांनी वीस वर्षांत इतक्यांदा काढलंय की माझ्या डाव्या हाताची शीर त्यांना न बघता सापडते. मी, लीना, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेर नगरच्या सावेडीतलं, घराण्यात तीन पिढ्या मास्तरकी, त्यामुळे समोर आलेल्या माणसाला मार्क द्यायची खोड मला जन्मजात आहे. वैजनाथभाऊंना मी पहिल्याच भेटीत पास केलं होतं. पुढं जे घडलं त्यात मी काही माणसांचे मार्क कापले आणि त्यातल्या एकीचे अगदीच चुकीचे कापले. ते कबूल करायचं म्हणजे आधी भाऊंविषयी सांगायला हवं.

स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची लॅब आहे. एक खोली, मधे पडदा, बाहेर बाकडं. घरची तीन एकर जमीन त्यांनी बन्सी नावाच्या चुलतभावाला कसायला दिलेली. शेतकऱ्याचं पोर सुया टोचत बसलंय म्हणून गावानं सुरुवातीला त्यांची यथेच्छ टिंगल केली. मग गावात डेंगी आला, घरोघर शुगर आली आणि टिंगल करणारेच बाही वर करून त्या बाकड्यावर बसायला लागले. भाऊंनी कुणाला जुनं काही ऐकवलं नाही. मी असते तर ऐकवलं असतं.

त्यांचा एक नियम होता. रक्तातल्या पेशी मोजायचं मशीन हल्ली सगळ्यांकडं असतं, तसं त्यांच्याकडंही होतं. पण मशीनमधून कागद बाहेर आला तरी ते सही करायचे नाहीत. आधी काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो पातळ ओढायचा, वाळवायचा, रंग द्यायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. मग सही. "मशीन मोजतंय हो मॅडम, पन त्याला वळखता कुठं येतंय?" असं म्हणायचे. बाहेर माणसं खोळंबलेली असायची, कुणाला एसटी गाठायची असायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, हिमोग्लोबिन तेवढं सांगा, ग्रंथ नको." ते डोळा न काढता म्हणाले, "बसा गप." मी बसले. मला गप बसवणारी माणसं जगात फार नाहीत.

दर डिसेंबरात मी त्यांना नववी-दहावीच्या पोरांसमोर उभं करायचे. येताना ते स्वतःच्या दंडातून काढलेलं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन यायचे. रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत औषध असतं. दोन-चार तास नळी उभी राहिली की आतल्या रक्ताचे थर होतात. ती नळी खिडकीच्या उजेडात धरून ते सुरू करायचे.

"हलवू नका कुनी. वरती पिवळं पानी दिसतंय? त्यो प्लाझ्मा. निम्म्याच्या वर रक्त म्हंजे हे पानीच हाय. साखर, मीठ, प्रथिनं सगळी ह्याच्यातून फिरत्यात. मधी ही पांढरट रेघ बघा, नखायेवढी बी न्हाई. त्यात पांढऱ्या पेशी आन् प्लेटलेट. एक राखन करती, दुसरी जखम बुजिवती. आन् खाली ही सगळी लाल पेशींची गर्दी. हाडाच्या आतल्या मगजात जन्मायचं, चार म्हैने अंगभर हवा पोचवायची आन् मरायचं. येवढंच काम."

मग ते नळी खाली ठेवायचे. "आता ही नळी माझी हाय. हिच्यात खोट हाय." पोरं पुढं सरकायची.

नगरला लॅबचं शिकत असताना वर्गातली मुलं एकमेकांच्याच रक्तावर हात बसवायची. तेव्हा भाऊंच्या रक्तात लाल पेशी भरपूर निघाल्या, पण एकेक पेशी बारकी आणि फिकी, पेरूच्या पाटीत कुणी बोरं भरावीत तशी. कुणीतरी लोहाच्या गोळ्या दिल्या. सहा महिने खाल्ल्या, काडीचा फरक पडला नाही. मग खरं कळलं ते थॅलेसेमिया मायनर. हिमोग्लोबिन बनवायची एक सूचना आईकडून येते, एक वडिलांकडून. भाऊंची त्यातली एक बिघडलेली होती. अशा माणसाला आजार नसतो. तो जरा फिका असतो, बाकी नांगर धरतो, संसार करतो. पण नवरा-बायको दोघंही मायनर असले तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता अशी की बाळाच्या दोन्ही सूचना बिघडलेल्या यायच्या. त्याला मेजर म्हणतात. त्या बाळाचं स्वतःचं रक्त पुरत नाही, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं द्यावं लागतं.

फळ्यावर चार चौकोन काढून भाऊ हे सगळं दाखवायचे आणि शेवटी सांगायचे, "दोघं मायनर असले तर लगीन करूच नका, असं मी म्हनत न्हाई. लपवू नका येवढंच म्हनतो. खरं सांगून लगीन करा. दिवस ऱ्हायले की दहाव्या-अकराव्या आठवड्यात पुन्याला जाऊन बाळाची तपासनी करा. विज्ञान कशासाठी हाय?"

त्यांची मुलगी निकिता माझीच विद्यार्थिनी. आई गेली तेव्हा ती पहिलीत होती. तेव्हापासून शाळा सुटली की लॅब हेच तिचं घर. भाऊ सूक्ष्मदर्शकात बघत पेशींची नावं घ्यायचे आणि ही शेजारी उभी राहून मोजणीच्या यंत्राची बटणं दाबायची. दहा-बारा वर्षांची असताना ती बापाआधी सांगायची, "आण्णा, हे मायनरवालं दिसतंय." बापाचा चेहरा असा फुलायचा की विचारू नका. दहावीत असताना भाऊंच्या त्या डिसेंबरच्या तासाला ती उठून फळ्याजवळ गेली, चौकोन तिनंच काढले आणि सगळ्या वर्गाला म्हणाली, "मी पण मायनर आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही." शिक्षकी पेशात असे क्षण मोजकेच येतात. मी त्या दिवशी घरी जाऊन शिरा केला होता.

भाऊंची थोरली बहीण मनकर्णा, सगळ्यांची आक्का, राळेगणसिद्धीला दिलेली. दोन गाई, थोडी शेती आणि भावाचं फार कौतुक. ती आली की भाऊंच्या घरात आठवडाभर तुपाचा वास. तीही मायनर. भाऊंनीच तपासलेलं. तिचा मुलगा हर्षल सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत होता, आठवडाभर तिथंच मित्रांबरोबर खोलीवर राहायचा. इकडं भावाची मुलगी आत्याला हक्काची सून वाटते. आक्का तर निकिताला ती पाळण्यात असल्यापासून सूनबाईच म्हणायची. पुढं त्या दोघांचंही एकमेकांवर मन बसलं, हे सांगायला शास्त्रज्ञ नको होता.

आक्कानं रीतसर विषय काढला त्या दिवशी मीही तिथं होते. भाऊंनी मांडी मोडली नाही की आवाज चढवला नाही. म्हणाले, "आक्का, आधी हर्षलचं रक्त तपास. चांगलं निघालं तर पोरगी तुझी. मायनर निघालं तर ह्यो विषय माझ्या घरात पुन्हा काढायचा न्हाई. तिला बिनलग्नाची ठिवीन, पन दोन मायनर एका घरात न्हाई."

निकिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं चहा ठेवला आणि आत गेली. मला भाऊंचा अभिमान वाटला. माणूस असावा तर असा, तत्त्वाला पक्का, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

दिवाळीत भाऊबीजेला आक्का आली, बरोबर हर्षल. तिनं भावाला ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि पिशवीतून एक लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला. नगरच्या एका लॅबचा रिपोर्ट होता. वर हर्षलचं नाव, वय, रक्तगट. भाऊंनी चष्मा लावला. आधी लाल पेशींचा आकडा, मग पेशींचा आकार, मग दोन्हींचा भागाकार. ही त्यांची ठरलेली वाट. भागाकार तेराच्या खाली गेला की त्यांना मायनरचा संशय यायचा. इथं तो अठरा आला. हिमोग्लोबिनच्या प्रकारांची खास तपासणी असते, तीही स्वच्छ. भाऊंनी कागद दोनदा वाचला आणि डोळे पुसले.

हर्षल समोर दोन हातांच्या अंतरावर बसला होता. मी सहज म्हटलं, "भाऊ, एक थेंब घ्या की. तुमचा नियम आहे ना?"

आक्काचा चेहरा उतरला. "मॅडम, भाऊबीजंला भाऊ बहिनीच्या लेकाला सुई टोचनार व्हय? माझ्या हातच्या कागदावर इस्वास न्हाई का त्याचा?"

"ऱ्हाऊ द्या मॅडम," भाऊ घाईनं म्हणाले. "आक्कानं आनलाय कागद." ज्या माणसानं सरपंचाच्या रिपोर्टवर स्लाइड न बघता सही केली नाही, त्यानं सख्ख्या बहिणीच्या मुलासाठी पहिल्यांदा नियम मोडला. थेंब घ्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. निकितानं सगळ्यांना लाडू वाटले. मला दोन दिले.

फाल्गुनात लग्न झालं. वर्षभरात निकिताला दिवस राहिले. एकच बाजू मायनर असल्यामुळे पुण्याच्या तपासणीचा प्रश्नच नव्हता. फार तर बाळ मायनर होईल, असं भाऊ म्हणायचे. तरी तपासणीच्या दर तारखेला लॅब बंद ठेवून ते तिच्याबरोबर डॉक्टरांकडं जायचे. पार्थ जन्मला तेव्हा गोरापान, साडेतीन किलोचा. भाऊंनी स्टेशन रोडवर पेढे वाटले. एका अनोळखी रेल्वे प्रवाशालाही दिला, तो बिचारा गाडी सुटायच्या धास्तीनं घेऊन पळाला.

पार्थ आठ महिन्यांचा असताना निकिता माहेरी आली. मी बघायला गेले. पोर पांढरं पडलं होतं. दूध दोन घोट प्यायचं आणि दमून सोडायचं, पोट पुढं आलेलं. गावातल्या डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं होतं. भाऊंनी त्याचं बोट टोचलं आणि पडद्याआड गेले. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मी पडदा सारला तर ते सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसत होते.

"मॅडम, जरा तुमी बघा. माझ्या डोळ्यात काय तरी झालंय."

वीस वर्षांत त्यांनी मला पुष्कळ स्लाइड दाखवल्या होत्या, त्यामुळे मला थोडंफार समजतं. मी बघितलं. पेशी बारक्या, फिक्या, वेड्यावाकड्या. काहींच्या मधोमध ठिपका, कॅरमच्या पटावरच्या वर्तुळासारखा. आणि त्यांच्यामधे केंद्रक असलेल्या लाल पेशी. आपल्या रक्तातल्या तयार लाल पेशीत केंद्रक नसतं, हे माझ्या दहावीच्या पोरांनाही ठाऊक असतं. ज्या पेशी हाडातच वाढायच्या त्या कच्च्याच बाहेर धाडल्या होत्या, कारण त्या शरीराला रक्त पुरत नव्हतं.

"मेजर?" मी विचारलं.

"असू शकत न्हाई," भाऊ म्हणाले. "बापाचं रक्त चांगलं हाय." त्यांनी आणखी दोन स्लाइड केल्या. नवा रंग काढला. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि हर्षलचा तो रिपोर्ट काढून मांडीवर घेऊन बसले. बाहेर निकिता पार्थला थोपटत होती. तिनं एकदाही 'काय निघालं?' असं विचारलं नाही. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही, नंतर फार आलं.

रविवारी हर्षलला बोलावून घेतलं. आक्काही आली, नातवासाठी तूप घेऊन. भाऊंनी नमस्कार-चमत्कार न करता भाच्याचं बोट धरलं आणि टोचलं. पट्टी वाळवली, रंग दिला, धुतली. भाऊ भिंगातून बघत राहिले, मग ताठ उभे राहिले.

"हे रक्त आन् ह्यो कागद एका मानसाचा न्हाई."

हर्षल खाली बघून म्हणाला, "मामा, ते रक्त माझ्या खोलीवरच्या दोस्ताचं हुतं. माझ्या नावानं दिलं. चूक माझी हाय."

"काय बोलतूस तू?" आक्का ओरडली. भाऊ तिच्याकडं वळले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नाटक करू नगं आक्का. सून पायजे म्हनून भावाच्या हातात खोटा कागद दिलास तू. भाऊबीजंला दिलास." आक्का म्हणाली, तिला काही माहीत नव्हतं, पोरानं लिफाफा दिला तो तिनं आणला. ती पार्थच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला गेली. भाऊंनी तो हात वरच्यावर धरला.

"त्याच्या डोक्याला हात लावू नगं. तुझ्याच खोटेपनाचं भोगतंय ते."

मीही मागं राहिले नाही. "आजी आहात का वैरीण?" असं मी तिला म्हटलं, चांगलं तोंडावर. हर्षल भिंतीला टेकून उभा होता. निकिता आतल्या खोलीत होती. आक्कानं तुपाची बरणी बाकड्यावर ठेवली आणि एकटी स्टँडकडं चालत गेली. तिचे मार्क मी त्या दिवशी शून्यावर आणले.

त्यानंतर भाऊंनी बहिणीचं नाव टाकलं. तिचा फोन आला की कट. दिवाळीत ती राळेगणहून दोन गाड्या बदलून ओवाळायला आली, तर भाऊ लॅबमधून बाहेर आले नाहीत. ती बाकड्यावर पेशंटांच्या रांगेत ताट मांडीवर घेऊन बसली आणि संध्याकाळी परत गेली. मी शाळेतून येताना ते बघितलं आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. बरी अद्दल घडली, असं वाटलं. भाऊंचं मात्र काही खरं नव्हतं. बाकड्यावरच्या माणसाला ते आता दोनदा नाव विचारायचे, मग आधार कार्ड मागायचे. गावातल्या म्हाताऱ्या चिडायच्या, "वैजू, मला वळखत न्हाईस व्हय रं?" ते म्हणायचे, "वळखीच्या मानसानंच मारलंय मला."

पार्थला दर तीन आठवड्यांनी नगरला न्यावं लागायचं. त्यासाठी निकिता माहेरीच राहिली, हर्षल एका सुट्टीला परस्पर तिथं यायचा, एका सुट्टीला आईकडं जायचा. मे महिन्यात मला सुट्टी होती, म्हणून एका खेपेला मीही गेले. पार्थ आता दीड वर्षाचा झाला होता. वॉर्डात अशी अकरा मुलं, प्रत्येकाच्या डोक्याशी रक्ताची पिशवी टांगलेली. ती मुलं पिशव्यांखाली लुडो खेळत होती. पार्थच्या मनगटाला सुई हलू नये म्हणून पुठ्ठा बांधला होता. भाऊंनी पिशवीवरचा नंबर आणि रक्तगट कागदाशी ताडून बघितला, सिस्टरनं बघितल्यानंतर पुन्हा, आणि नंतर अजून एकदा.

अकराच्या सुमाराला दारात मनकर्णाक्का आली. वाळली होती. हातात दुधाची किटली. वॉर्डमधल्या मावशींनी विचारलं, "ह्या तुमच्याच का?" भाऊंनी मान न वळवता सांगितलं, "न्हाई. आमच्या कुनी न्हाईत." आक्कानं किटली दाराशी ठेवली, पार्थला लांबून बघितलं आणि गेली.

निकिता उठली, किटली आत आणली आणि बापासमोर उभी राहिली.

"आण्णा, आत्याला काही माहीत नव्हतं."

"तू मधी पडू नगं."

"मी मधे नाहीच. सगळं मीच केलंय."

भाऊंना कळलं नाही. मला कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. ती हळू आवाजात, न थांबता सांगत गेली. हर्षलचा खरा रिपोर्ट आधी त्याच्या मोबाईलवर आला होता. मायनर. तो फोनवर रडायला लागला. तिनं त्याला सांगितलं, खोलीवरच्या तुझ्या मित्रांचे कंपनीतल्या तपासणीचे रिपोर्ट मला पाठव. तिघांचे आले. "एकाचं हिमोग्लोबिन सोळा होतं. तो नको म्हटलं, तुम्हाला शंका आली असती, मेसचं जेवून पोराचं रक्त एवढं कसं भरलं म्हणून. दुसऱ्याचा रक्तगट हर्षलशी जुळत नव्हता आणि हर्षलचा तुम्हाला माहीत होता. तिसऱ्याचं सगळं मध्यम होतं. तुम्ही आधी काय बघता, मग काय बघता, मला पाठ आहे ना. म्हटलं, ह्याला पाठव हर्षल म्हणून. आणि आत्याच्या हातून भाऊबीजेला दिलं तर तुम्ही सुई काढणार नाही, हेपण मीच सांगितलं."

"निकिता!" मी म्हटलं. बाजूची मुलं बघायला लागली. माझ्या वर्गात, माझ्या फळ्यावर चौकोन काढलेली मुलगी. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"अकराव्या आठवड्यात आम्ही गुपचूप पुण्याला जाणार होतो. पण तुम्ही प्रत्येक तारखेला बरोबर. मी कुठं जाते, काय करते, सगळं तुम्हाला माहीत. मग मी मनाला सांगत बसले, चारातले तीन चांगले असतात. रोज सांगत होते."

भाऊ खुर्चीवर बसले होते. त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. "आन् मी आक्काला बोललो तवा? तू आत हुतीस."

"हो."

"ऐकत हुतीस."

"हो. हर्षलनं त्याच्यावर घेतलं, माझं नाव येऊ दिलं नाही. तुम्ही आत्याला धरलंत आणि मी... मला बाहेर येता आलं नाही. आई नाही मला. तुम्ही पण गेला असता तर?"

भाऊ म्हणाले, "मला खरं सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर लग्न लावलं असतंत? शाळेत सांगता तसं, दोघं मायनर असले तरी?"

त्या माणसानं आयुष्यात न तपासता कागद मानला तो एकदाच. आताही त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाले, "न्हाई. न्हाई लावलं असतं."

"म्हणून," निकिता म्हणाली.

"ती लोकांची पोरं," भाऊ म्हणाले. "लोकांच्या पोरांला सांगाया काय जातंय? तू माझी हुतीस."

ते उठले आणि जिन्याकडं चालायला लागले. मी मागोमाग. 'हुतीस' म्हणाले ते त्यांचं त्यांना तरी कळलं होतं का, कोण जाणे. मला मात्र पायऱ्या उतरताना तेवढंच ऐकू येत होतं.

आक्का फाटकाबाहेर रिक्षा बघत उभी होती. भाऊंनी भर रस्त्यात तिचे पाय धरले. ती दचकून मागं सरली. "उठ रं, लोक बघत्यात." त्यांनी तसंच वाकलेल्या अंगानं सगळं सांगितलं, तुटक तुटक, निकिता, तीन रिपोर्ट, लिफाफा. "आक्का, तुझं काय बी नव्हतं. मी लई वंगाळ बोललो." मीही हात जोडले. मला वाटलं, आता ही रडेल, भावाला जवळ घेईल आणि निदान एवढं तरी जागच्या जागी येईल.

आक्का रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वॉर्डच्या इमारतीकडं बघितलं.

"त्या दिवशी हर्षल तितंच हुता ना रं? भिंतीला टेकून?"

"व्हय."

"तुमी मला बोलत हुता, मॅडम मला वैरीन म्हनल्या, मी लेकराच्या डोक्यावर हात ठिवाया गेले. त्यो तितंच हुता. बायकूचं नाव येऊ नये म्हनून गप."

"व्हय आक्का."

"घरी आल्यावर माझ्याच ताटात जेवला त्यो," ती म्हणाली. "वरीस होत आलं. माझ्याच ताटात जेवतोय."

रिक्षा येऊन थांबली. कुठलं स्टँड, कुठल्या गावची गाडी, असं रिक्षावाल्यानं विचारलं. आक्का त्याच्याकडं बघत राहिली आणि तिला गावाचं नाव सांगता येईना.